भासऱ्याच्या पोटावरचा रोडगा

मी भित्री हाय असं कोनं सांगतलं तुमाले? अख्ख्या हिवरखेडात माह्याइतकी धीराची बाई नोती! एकदा मी नुसतं डोळे वटारून पायलं तं आग्या मोहोळ आपलं बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या झाडावर गेलं! खोटं वाटते? मंग अस्वलाची गोष्ट आयका, अन् मंग बोला.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दोनेक सालं आंधीची गोष्ट. चैताचे दिवस. वावरातले कामं सरले होते. आमी चौघी मैत्रिनी. मी, माही मोठी जाऊ दुर्गाबाई, शेजारची कौशल्या अन् आमच्या सगळ्यायहून वयानं मोठी सुंदराबाई. ठरवलं का एक दिवस सातपुड्याच्या टेकड्यायवर जायाचं, गवऱ्यायवर रोडगे भाजाचे, वांग्याचं भरीत करायचं, पोटभर खायाचं अन् दिवस बुडायच्या आंधी घरी! संग मानूस एकबी न्यायाचा नाई!

दुर्गाबाईचे मालक पुंजाजी, म्हंजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, माहे भासरे. थे मिशीले पीळ देत हासले.

"चार बाया जंगलात? सरड्याले पाहून वापस याल!"

"सरडा भाजून तुमच्याच ताटात वाढीन!" दुर्गाबाई म्हने.

मी पदराआडून फिसकन् हासली. भासऱ्यापुढं त्याहून मोठा आवाज काढाची सोय नोती.

सकाळी निघालो. गावाची शीव सरली तवा लय ऐट होती. टेकडी लागली तशी ऐट कमी झाली. सागाचा वाळला पाला पायाखाली असा वाजे, का वाटे मांगून कोनी पापड खात खात येऊन रायलं!

"कोन हाय वं मांगं?" कौशल्या म्हने.

"तूच हायेस सगळ्यात मांगं!"

हे आयकल्याबरोबर थे पळत येऊन माह्या पुढं झाली. मंग मीच मांगं रायली! म्हनून मी सुंदराबाईच्या पुढं. मंग सुंदराबाई पुढं. अशा एकमेकीले मांगं टाकत आमी थो चढ शंकरपटात शर्यतीले पळनाऱ्या बैलायसारख्या चढलो!

वर नाल्याच्या काठी गवऱ्या पेटवल्या. रोडगे भाजले, निखाऱ्यात वांगे दाबले. रोडगा म्हंजे काय, कनकीचा गोळा; तुपात कुस्करला तं लोनी, नाई तं गोटा. तूप काढाले दुर्गाबाईनं डबा उघडला, अन् नाल्यापल्याड काहीतरी फुरफुरलं.

काळं. केसाळ. म्हशीच्या वगारीएवढं. नाई, म्हशीएवढंच होतं!

"अस्वल!"

तूप तिथंच सांडलं. रोडगे पदरात बांधले अन् आमी चौघी एका उंच खडकावर. कशा चढलो थे त्या खडकालेच माहीत! माहे गुडघे असे वाजत, का कौशल्या म्हने, "हळू वाजव वं, आयकू जाईन त्याले!"

अस्वल नाला ओलांडून मोहाच्या झाडाकडं निघालं. चैतात मोहाचे फुलं टपटप पडतात अन् अस्वलाले थे पेढ्यावानी लागतात. आमी म्हनलं, खाऊ दे, खाईन अन् जाईन.

तेवढ्यात दुर्गाबाईनं माहा दंड असा दाबला का आजबी पावसाळ्यात दुखते.

"झाडाखाली पाय! थो जोडा!"

झाडाच्या बुडाशी काळी घोंगडी पांघरून मानूस उताना पडला होता. लाल फेटा, अकोल्याहून आनलेला नवा करकरीत जोडा. माहे भासरे!

"घोंगडी पांघरून अस्वल बनाले आले वाटते, आपल्याले भेवडावाले," सुंदराबाई म्हने. "अन् मोहाचे फुलं खाऊन झोपले!"

अन् खरं अस्वल त्यायच्यापासून बैलगाडीभर लांब!

"हाक मार वं!" मी दुर्गाबाईले म्हनलं.

"अहो!" दुर्गाबाई वरडली. "अहो, आयकलं का!"

कोनी हालेना.

"नावानं मार!"

"नवऱ्याचं नाव घेऊ? जीभ झडंन माही! तू घे."

"मी? भासऱ्याचं? कौशल्ये, तू घे वं!"

कौशल्या रडकुंडीले आली. "माह्या घरच्यायचंबी थेच नाव हाय ना!"

आमी सगळ्यायनं सुंदराबाईकडं पायलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "माह्या सासऱ्याचंबी थेच. मरून दहा सालं झाले, पन सासरे थे सासरेच!"

आता सांगा! आमच्या गावात पुंजाजी म्हंजे तुरीच्या शेंगा, झाडाले हात लावला का चार हातात. अन् जंगलात जीव चालला तं नाव घेनारी एक बाई नाई!

"रोडगा मारू त्याले!" मी म्हनलं.

दुर्गाबाईनं नेम धरून अस्वलाले रोडगा फेकला. थो पडला त्याच्या नाकापुढं. अस्वलानं हुंगला, खाल्ला, अन् जिभल्या चाटत वर पायलं. आवडला ना त्याले! दुसरा फेकला. थोबी खाल्ला. तिसरा मी फेकला, भासऱ्याले जागं कराले. थो सरळ त्यायच्या पोटावर! अन् अस्वल निघालं ना रोडग्याच्या मांगं!

"काय केलं वं तुनं!" दुर्गाबाईनं हंबरडा फोडला. "माहं कुकू!"

"उखान्यात घे!" सुंदराबाई म्हने. "उखान्यात चालते!"

दुर्गाबाई खडकावर उभी रायली. पदर नीट केला. अन् म्हने, "कपाशीच्या वावरात पांढरं पांढरं बोंड… बोंड… बोंड…"

"पुढं!"

"आठवत नाई वं!"

अस्वलानं भासऱ्याच्या पोटावर नाक टेकवलं.

"तोंड म्हन! तोंड!" आमी तिघी वरडलो.

"पुंजाजीले पाहून अस्वलाचं काळं झालं तोंड!"

सातपुडा दणानला! भासरे घोंगडीसकट ताडकन् उभे रायले. अस्वलानं पायलं, आपल्याहून दीडपट उंच, काळं, मिशावालं अस्वल समोर! थे असं पळालं का सीधं मेळघाटात जाऊन थांबलं असंन.

आमी खाली उतरलो. दुर्गाबाई रडत रडत पाया पडाले वाकली. वाटलं, आता भासरे म्हनतीन, तुमच्यामुळं जीव वाचला. पन त्यायचा चेहरा शेंदरावानी लाल!

"मी काय झोपलो होतो? अस्वल दिसल्याबरोबर मेल्याचं सोंग घेऊन पडलो! श्वास कोंडला! मेलेल्याले अस्वल शिवत नाई. थे आपलं मोह खाऊन चाललं होतं जंगलात! माह्या पोटावर रोडगा कोनं ठेवला?"

आमी चौघी जमिनीकडं पाहाले लागलो.

"अन् वरून उखाना! आता गावात तोंड कसं दाखवू?"

पन गावात त्यायनं सांगतलं का मी अस्वलासंग कुस्ती खेळलो. आमीबी व्हय व्हय म्हनलं, कारन रोडगा कोनं फेकला थे त्यायले कवाच समजलं नाई.

आता भासरेबी गेले, दुर्गाबाईबी गेली. म्हनून सांगून रायली, अन् त्यायचं नाव घ्यायाले आता मले काही वाटत नाई. पन माह्या मालकाचं नाव पुसत असान, तं आंधी एक अस्वल आना. मंग पाहू!