मोकलकाकांना चार्ज देताना

मोकलकाकांकडून नेलेली कादंबरी नुसती परत करता येत नाही. तिचा चार्ज द्यावा लागतो.

धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. तो आला की कुठला पंप चालू, कुठला बंद, कशावर डोळा ठेवायचा, हे सगळं सांगून मगच घरी जायचं. काकांनी जन्मभर हेच केलं. निवृत्त झाले आणि ती सवय कादंबऱ्यांवर आली, असं मला वाटायचं.

वरसे गावात आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते तळमजल्यावर, मी वर. माझी नोकरी पेणला. सकाळी एसटीसाठी धावत जिना उतरावा, तर काका दारात उभे.

"वाचलीस? दे चार्ज."

"चांगली आहे हो काका."

"चांगली हाय ते मला माहीत हाय. तू सोडलीस तेव्हा कोण कुठं होतं ते सांग. बापाचा राग उतरला का नाय?"

"उतरला!"

"पूर्ण?"

"थोडा उतरला, काका! माझी गाडी जाईल!"

"मग थोडा म्हण ना. उद्या कोणी तुझ्या भरवशावर राहिला म्हंजे?"

माझ्या भरवशावर कोण राहणार आहे, देव जाणे. साहेबांची बोलणी मात्र मी खातो.

राजेमहाराजांच्या कादंबऱ्या काकांना चालत नाहीत. "ती मेली रे सगळी. आपल्यासारख्यांचं आत्ता काय चाललंय ते वाच." कोणाला कुठली कादंबरी लागू पडेल हे ते स्वतःच ठरवतात, डॉक्टर गोळी ठरवतात तसं. जोहे गावात त्यांच्या भाचीच्या नवऱ्याचा गणपतींचा कारखाना आहे. ऐन हंगामात, जेव्हा तिथं जेवायलाही कोणाला सवड नसते, तेव्हा काका दृष्टी जाणाऱ्या चित्रकाराची कादंबरी घेऊन पोचले. जावई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. त्याच्या शेजारी बसून काकांनी दोन प्रकरणं मोठ्यानं वाचली. त्या दिवशीचे सगळे गणपती जरा रडवेले निघाले. भाचीनं मला फोन करून सांगितलं, "मामाला आवरा हो!" जसं काही मी त्यांना तिकडे धाडलं होतं.

पण माझा खरा छळ केला तो एका जाड्या कादंबरीनं. मिठागरावरच्या एका बाईची गोष्ट, पाचशेच्या वर पानं. दिवाळीपासून काका हात धुऊन माझ्या मागे लागले होते. "ती तू वाच. तुलाच देणार, तू पानं दुमडत नायस." मी डोळ्यांचं निमित्त सांगितलं, ऑफिसचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं. मग ती पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला लटकू लागली. मी ती पिशवी गुपचूप त्यांच्या कडीला लावून यायचो. असं आठ वेळा झालं.

गेल्या रविवारी पिशवी नवव्यांदा आली आणि माझं डोकं फिरलं. तसाच खाली गेलो.

"काका, एवढी चांगली आहे ना? मग शेवटी त्या बाईचं काय होतं ते तुम्हीच सांगा, आणि माझी सुटका करा!"

काकांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. मग म्हणाले, "मला नाय माहीत."

"म्हणजे? स्वतः न वाचता माझ्या मागे लागलात?"

त्यांनी पिशवीतून कादंबरी काढून मधोमध उघडली. आत केसांचा एक काळा आकडा होता.

"हिथवर काकीनं वाचलीय."

काकी जाऊन दोन वर्षं झाली.

"मी कंपनीत असलो का ती पुढं वाचायची. घरी आलो का चहा द्यायची नि चार्ज द्यायची. मग तेवढंच मी वाचायचो. ती कायम माझ्या पुढं. हिथवरचं सगळं सांगून गेली ती मला." आकडा जराही हलू न देता त्यांनी पान सारखं केलं. "याच्या पुढं मी एकटा जात नाय. हिंमत होत नाय रे. कोणीतरी आधी जायला पायजे."

मला माझीच लाज वाटली. आठ वेळा मी काय परत लटकवून आलो होतो, ते आत्ता कळत होतं.

मी खुर्ची ओढली. "मोठ्यानं वाचू?"

"नको. मनात वाच. ती वाचायची तशी. मी चहा ठेवतो."

मी पुढचं पान काढलं आणि वाचायला लागलो. चहा काही आला नाही. काका स्वयंपाकघराच्या दाराशी तसेच उभे होते, आणि मी पान उलटलं की हळूच मान हलवत होते.