सगळ्यात वाईट, सगळ्यात वर

लालमहंमद शेखच्या नजरेतून खोट सुटत नाही, असं अख्ख्या कुरुळीत मानलं जायचं. निदान तो स्वतः तसं मानायचा आणि इतरांनाही मानायला लावायचा. मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत त्याने बावीस वर्षं क्वालिटीत काढली होती. बाजारात कलिंगड घेतानासुद्धा तो पाच रिजेक्ट करून सहावं उचलायचा, आणि ते पांढरं निघालं तर दोष विकणाऱ्याचा! त्यामुळे मुलगी माहेनूर बारावीनंतर वकिलीची प्रवेश परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा त्याने चहाच्या टपरीवर जाहीरच करून टाकलं, "विद्यापीठ निवडणं म्हणजे काय राव? शेवटी व्हेंडरच निवडायचा. जायचं, तपासायचं, शेरा मारायचा."

वकिलीच का, हे टपरीवर कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या खोलीतला जयसिंग याच कंपनीत प्रेस मशीनवर होता. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं मशीनखाली गेली. मशीनपुढची संरक्षक जाळी तीन महिने कोपऱ्यात धूळ खात पडलेली सगळ्या शिफ्टने पाहिली होती. कंपनीच्या अपघाताच्या कागदावर मात्र ती जाळी जागेवर होती आणि जयसिंगनेच ती काढली होती. कागदाखाली तपासनीस म्हणून सही होती लालमहंमदची. साहेब म्हणाले होते, फॉर्मॅलिटी आहे, करून टाक. त्याने करून टाकली. पुढे जयसिंगची बायको शालनबाई तो कागद वाचून घ्यायला माहेनूरकडे आली. माहेनूरने तो सहीपर्यंत वाचला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी वकील होणार. बापाने कारण विचारलं नाही, लेकीने सांगितलं नाही. त्या दिवशी त्याच्या बायकोची, सुरय्याची डाळ करपली, पण तिलाही कुणी बोललं नाही.

तर, तपासणी. मार्कांच्या हिशोबाने तीन विद्यापीठांची तीन कॉलेजं आवाक्यात होती. लालमहंमदने रजा टाकली, खिशात पेन आणि मोजपट्टी घातली आणि निघाला. पुण्यातलं जुनं कॉलेज त्याला पाहताक्षणी पटलं. तिथे कामगार कायदा शिकवणारे एक सर होते, गरिबांना मोफत सल्ला देणारं केंद्र होतं आणि घरून बस होती. पुनावळ्याजवळचं दुसरं चकचकीत होतं, पण तिथे त्याला वर्गाऐवजी कँटीनच आधी दाखवलं. तिसरं घाटापलीकडचं. तिथे प्राचार्य स्वतःच घंटा देत होते आणि लायब्ररी म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं.

"किल्ली कुठाय?" त्याने विचारलं.

"वाचमनकडं हाय," शिपाई म्हणाला. "त्यो न्हाई. गावाला गेलाय."

लालमहंमदने काचेतून पुस्तकं मोजली आणि शेरा मारला. घरी येऊन त्याने तिन्हींचा तक्ता केला, लेकीला वाचून दाखवला. पुणे पहिलं हवं, यावर घरात एकमत झालं. त्याची छाती दोन इंच फुगली.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी शालनबाईला कामगार कार्यालयात तारीख होती. माहेनूर तिच्यासोबत पिंपरीला गेली, आणि परतताना मोशीजवळ गाड्यांच्या रांगेत अडकली. मुदत पाचपर्यंत. चार वाजता तिने बापाला फोन करून पासवर्ड सांगितला. म्हणाली, तुमचा तक्ता आहेच, ठरल्याप्रमाणे क्रम टाका.

तो तक्ता घेऊन अफताबच्या सायबर कॅफेत धावला. आता त्या तक्त्याबद्दल सांगितलंच पाहिजे. कंपनीत रोज सकाळी मीटिंग असते. तिथे फळ्यावर मालाची यादी लागते. एक नंबरवर सगळ्यात खराब माल, लाल शाईत, कारण साहेब आधी तोच विचारतात. चांगला माल तळाला, त्याच्यापुढे 'ओके'. बावीस वर्षं लालमहंमदने दुसऱ्या प्रकारची यादी लिहिली नव्हती. ही कशी लिहिणार?

त्याने वाचून दाखवलं: एक, घाटापलीकडचं. दोन, पुनावळ्याचं. तीन, पुणे.

अफताबची बोटं थांबली. "चाचा, नक्की हेच पहिलं?"

"बावीस वर्षं याद्या करतोय मी. टाइप कर," लालमहंमद म्हणाला. मग स्क्रीनवर वाकून त्याने विचारलं, "शेऱ्याचा कॉलम कुठाय?"

अफताबने सांगितलं की शेऱ्याचा कॉलम नसतो. लालमहंमदला ते खटकलं. पण पाच वाजत आले होते. शेवटी एक लांबलचक मजकूर आला, त्याखाली 'मान्य आहे' अशी चौकट. अफताब म्हणाला, वाचून घ्या. लालमहंमद म्हणाला, फॉर्मॅलिटी असते, दाब.

आठवड्याने मेसेज आला: अभिनंदन, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. लालमहंमदने तेवढाच वाचला आणि खोल्यांच्या सगळ्या लाइनला पेढे वाटले. जयसिंगलाही दिला. जयसिंगने तो डाव्या हाताने घेतला. संध्याकाळी माहेनूरने मेसेज पूर्ण वाचला. मग पेढ्याचा पुडा बंद करून फडताळात ठेवला.

पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही, हा नियम त्या लांबलचक मजकुरातच होता. दुसऱ्या दिवशी बापलेक प्रवेशाच्या मदत केंद्रात गेले. तिथल्या इंदुताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याने कंपनीचा फळा समजावला, लाल शाई समजावली, तळाचं ओके समजावलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. इंदुताईंनी त्याच्यापुढे छापील कागद सरकवला: क्रम वाचून, समजून, स्वखुशीने दिला आहे.

"हे तुम्हीच मान्य केलंत ना, काका?"

"केलं. पण वाचलं नव्हतं."

"न वाचता केलं म्हणून कागद खोटा ठरत नाही. यात आता काही होत नाही."

लालमहंमदच्या तोंडचं पाणी पळालं. पुण्याचं कॉलेज गेलं म्हणून, आणि 'यात आता काही होत नाही' हे शब्द जयसिंगनेही कुठल्यातरी टेबलापुढे ऐकले असतील म्हणून. बाहेर बाकावर तो बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. माहेनूर रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"अब्बा," ती म्हणाली, "जयसिंगचाचाच्या कागदावरची सही पण अशीच होती का?"

"अशीच."

"मग तसं लिहून द्याल?"

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्याने खिशातलं पेन काढलं. जाळी जागेवर नव्हती, मी रोज पाहत होतो, सही मी न वाचता केली, एवढंच लिहिलं. मग ते चारदा वाचलं. माहेनूर म्हणाली, अब्बा, बस येतेय. त्याने पाचव्यांदा वाचलं आणि सही केली.

तो कागद कामगार कार्यालयात पोचला आणि जयसिंगचं बंद पडत आलेलं प्रकरण पुन्हा उघडलं. पुढची तारीख मिळाली. तारखेआधीच लालमहंमदला कंपनीने घरी बसवलं. त्या सकाळी फळ्यावर एक नंबरला आपलंच नाव असणार, असं तो टपरीवर सांगतो. लोक हसतात, मग चहात बघत राहतात.

माहेनूर घाटापलीकडे गेली. पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा त्याने घाबरतच विचारलं, कसं काय आहे? लायब्ररीचं कपाट अजून बंदच आहे, ती म्हणाली, वॉचमन आलाय पण किल्ली गावाला राहिली.

"मी म्हटलं होतं," लालमहंमद पुटपुटला. "शेऱ्यात लिहिलंच होतं मी."

"शेऱ्याचा कॉलम नव्हता, अब्बा," माहेनूर म्हणाली आणि जयसिंगच्या तारखेचे कागद उघडून बसली.