हमराकुल आकांस सापडलेल्या खानाच्या प्याल्याची हकीकत

समस्त चहाधुरंधर, पुलावपारखी वाचकांचे सेवेशी सादर विदित व्हावे जे, फरगाना प्रांती रिश्तान नामे कुंभारांचे गाव, तेथे राजेश्री हमराकुल आका, उमर अठ्ठावन्न, निवृत्त बसचालक, यांणी वडिलार्जित जमिनीतून खानाचा प्याला काढिला आणि त्यापायी जो संग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

मूळ कलह ऐसा. आठ दोस्त दर जुम्म्यास चहाखान्यात जमोन पुलाव करीत. दारापासून दूर, समोरच्या भिंतीलगतची जागा ती मानाची. पुलावाचे थाळे प्रथम तेथे येई आणि गोश्ताचे थोर तुकडे तिकडेच वळत. त्या जागेचे धनी लेकाकडे ताश्कंदास राहावयास गेले, मागे सात उरले आणि गादी रिकामी पडली. तीजवर दोघांचा डोळा: एक हमराकुल आका, दुसरे सोत्वोल्दी, माजी हेडमास्तर, जे बालपणापासून आकांस पाण्यात पाहात. बावीस वर्षे दाराशी, जोड्यांचे शेजारी बसोन आकांचे मन विटले होते. मरणापूर्वी एकदा त्या भिंतीस पाठ टेकावी, इतकाच त्यांचा हेत, आणि तो खरोखरच मोठा होता.

ऐसियात थंडी नजीक आली. द्राक्षवेली हिमात जळू नयेत म्हणोन मांडवावरून उतरवून जमिनीत पुरणे हा त्या मुलखाचा शिरस्ता. आकांनी बागेत चर खणावयास कुदळ घातली, तो ठण्ण ऐसा आवाज जाहला आणि पाच बाटल्या हाती आल्या, आणि मग मातीचे एक पात्र निघाले. हिरवी झिलई, उभट बांधा, कांठ रुंद व सपाट. आकांनी चष्मा लावोन दोन दिवस खलबत केले आणि निवाडा दिला की, बाटल्या त्या बेगमांचे अत्तराच्या, आणि पात्र तो खानाचा प्याला. कांठ रुंद तो खानाच्या मिशा भिजू नयेत म्हणोन. आकांचे कुटुंब मुहय्या बेगम डोकावू लागल्या, त्यांस फर्मान सुटले की इतिहास हे मर्दांचे काम, बायकांनी नजर लावू नये. थोर थोर मसलती अशाच फसतात.

मग जुम्म्याचे दिवशी आकांनी लग्नातला झगा चढविला, प्याला रेशमी रुमालात गुंडाळिला, बाटल्या पिशवीत घेतल्या आणि चहाखान्यावर कूच केले. त्या मुलखी पहिला चहा तीन वेळा पेल्यात ओतोन किटलीत परत करितात, म्हणजे रंग धरितो. तो मान खानाच्या प्याल्यास दिधला. मग प्याला हातोहात फिरला आणि सातही सरदारांनी अदबीने घोट घेतला. सोत्वोल्दींनी दोन घेतले, एक इतिहासाचा आणि एक खातरजमेचा. मग त्यांणी तोफ डागली.

"जुना आहे, नाही कोण म्हणतंय? पण तुझ्याच जमिनीतला कशावरून? कोकंदच्या बाजारात असे ढिगानं मिळतात."

"माझी खाला जिवंत आहे अजून," आका म्हणाले. "आमच्या जमिनीत काय काय पुरलंय, तिलाच विचार."

तत्काळ गाडी धाडिली आणि रोबिया खाला, आकांचे आईची धाकटी बहीण, उमर नव्वद, हजर जाहल्या. त्यांणी एक बाटली हुंगली आणि बोलिल्या की, ही तुझ्या बापाची वोदका, खोकल्याचे औषध म्हणोन घ्यायचा, बिचाऱ्याला बारमास खोकला असे. मग प्याल्याकडे दृष्टी गेली आणि त्या ऐशा हसल्या की डोळां पाणी आले.

"अरे हमरा, हे पाळण्याखालचं भांडं. यात तू मुतायचास."

त्या मुलखी पाळण्यास खाली भोक असते आणि त्यात मोरीचे काम करणारे भांडे रुंद कांठावर अडकोन राहते, हे गावची प्रत्येक बाई जाणे. परंतु पाळण्याखाली वाकोन पाहणे मर्दांचे इभ्रतीस कमी, सबब सातांपैकी एकासही ठाऊक नव्हते.

"तू चालायला लागलास तेव्हा फेकून दे म्हटलं," खाला हळू बोलिल्या, "तर तुझ्या आईला फेकवेना. स्वतः खड्डा खणून पुरलंन."

आकांनी प्याला रेशमी रुमालाने हळूच पुसला. सोत्वोल्दी मात्र दोन घोट विसरोन मांडी थोपटीत हसू लागले.

"तू कशाला दात काढतोस?" खाला म्हणाल्या. "पाळणा आधी तुझ्याच आईनं उसना नेला होता. सव्वा वर्ष यात तूच होतास."

मग चौदा डोळे किटलीकडे वळले.

त्याच बैठकीत तह जाहला. प्याला खानाचाच, ऐसे सातांनी भाकरीवर हात ठेवोन एकमुखे ठरविले. पहिली शपथ सोत्वोल्दींनी वाहिली. घरच्या बायकांस कळू देऊ नये, हे दुसरे कलम. खालांचे तोंड बंद राहण्यास त्यांणी एकच मागितले: "मला त्या भिंतीला टेकून बसू द्या. पाठ दुखते." त्या गादीवर तोपावेतो बाई बसली नव्हती, ती त्या दिवशी बसली आणि थाळे प्रथम तिजपुढे गेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खालांचे उजवे हाती हमराकुल आका, पाठ भिंतीस लागलेली. डावे हाती सोत्वोल्दी. मुहय्या बेगमांस दुसरे दिवशी सर्व कळले. प्याला आता चहाखान्याचे फळीवर, रेशमी रुमालावर विराजमान आहे, आणि सातही सरदार आपापला पेला घरून आणितात.