पाठमोरा थांबा

सकाळचा चहा घेऊन निरीक्षक व्हरांड्यात आले, तर समोर ओळीने बसलेल्या माणसांनी त्यांना एका सुरात नमस्कार केला.

निरीक्षकांच्या अंगात बनियन होता आणि डोळ्यांत अजून झोप होती. मुलीकडचा मुक्काम आटोपून नवरा-बायको आदल्या दिवशी अंधार पडल्यावर घरी परतले होते. त्यामुळे आपल्या गैरहजेरीत फाटकासमोर काय उगवले आहे हे त्यांनी पाहिलेच नव्हते. आता ते नीट दिसत होते. चार खांब, वर पत्रा, एका बाजूला भिंत, भिंतीला टेकून लांबलचक बाक आणि बाकावर दाटीवाटीने बसलेले गावकरी. रस्ता भिंतीच्या पलीकडे होता. अलीकडे, गावकऱ्यांच्या नजरेच्या अगदी सरळ रेषेत, निरीक्षकांचा व्हरांडा होता.

"मुलगी बरी आहे ना, काका?" शिवणकाम करणाऱ्या बाईने मांडीवरची पिशवी सावरत विचारले.

"चहा निवतोय तुमचा," तिच्या शेजारची, दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली.

निरीक्षक उलट्या पावली घरात शिरले. कप टेबलावर आदळला, त्यातला निम्मा चहा बशीत आला.

"अगं, आपल्या दारात माणसं बसली आहेत!"

"बसथांबा झालाय म्हणे," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना दूधवाल्याकडून सगळे कळले होते. "बरं झालं. पावसापाण्यात बिचारी त्या विजेच्या खांबाखाली उभी असायची."

"बसथांब्याचं तोंड रस्त्याकडे असतं. ह्याचं माझ्याकडे आहे!"

निरीक्षकांनी सारी नोकरी वजनमापे खात्यात काढली होती. दुकानदारांच्या तराजूतली खोट शोधत ते गावोगाव हिंडले, आणि ते दुकानात शिरले की दुकानदार बसायला खुर्ची देत, पण स्वतः काही बसत नसत. इतकी वर्षे लोकांनी धास्तीने आपल्याकडे पाहिल्यावर, निवृत्तीनंतर कोणीही आपल्याकडे पाहू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठीच त्यांनी हे घर बांधले, गावाच्या कडेला, वळणावर. व्हरांड्यात एक आरामखुर्ची, हातात वर्तमानपत्र, समोर मोकळी हवा. ती हवाच पंचायतीने भिंत घालून बंद केली होती आणि तिच्या जागी माणसे आणून बसवली होती.

ते शर्ट चढवून तडक पंचायतीच्या कचेरीत गेले. सरपंचबाई खुर्चीवर होत्या. खिडकीशी गवंडी उभा होता. कचेरीचा दरवाजा पावसाळ्यापासून अडकत होता, तो तासायला आला होता.

"थांबा उलटा बांधलाय!" निरीक्षक दारातूनच गरजले.

"उलटा कसा असेल साहेब?" गवंडी म्हणाला. "छप्पर वरच आहे की."

"तोंड कुठे आहे त्याचं?"

"तुमच्याकडे."

"आणि बस कुठून जाते?"

"पाठीमागून. पण साहेब, वारा पण तिकडूनच येतो." गवंड्याने रंधा खाली ठेवला, हा विषय त्याच्या जिव्हाळ्याचा होता. "माझी हयात गोठे बांधण्यात गेली. वाऱ्याकडे तोंड केलेला माझा एक गोठा दाखवा, मी धंदा सोडतो. जनावर गारठतं हो."

"अहो, हा गोठा आहे का?"

"माणसं काय कमी गारठतात?"

सरपंचबाईंना हा मुद्दा पटल्यासारखा दिसला. निरीक्षकांचा चेहरा पाहून मात्र त्यांनी सावरून घेतले. "काका, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. जागेवर पाहणी झाल्याशिवाय पंचायत बांधलेल्या कामाला हात लावत नाही."

"बांधायच्या आधी का नाही केली पाहणी?"

"आधी पाहायला काय होतं तिथे?"

पाहणीचा दिवस उजाडला. पंचायतीच्या पाहणी समितीचे सदस्य बाकावर बसले, थोडे सरकून बसले, पाय लांब करून बसले. वारा खरोखरच लागत नव्हता. समोर काकूंचे गुलाब फुलले होते. काकूंनी पाणी दिले, मग चहा दिला आणि निरीक्षकांनी डोळे वटारूनही चहाबरोबर बिस्किटे दिली. ज्येष्ठ सदस्याची तर बोलता बोलता डुलकीही झाली. जागा झाल्यावर त्याने समितीचे मत सांगितले : थांबा आरामशीर आहे आणि समोरचा देखावा प्रसन्न आहे.

"देखावा?" निरीक्षक म्हणाले. "मी देखावा आहे?"

"तुम्ही नाही हो, गुलाब," सदस्य म्हणाला. हे निरीक्षकांना जास्तच लागले.

पण खरी कटकट पुढेच होती. बाकावर बसणाऱ्यांना रस्ता दिसत नव्हता, तसे रस्त्यावरून जाणाऱ्यांना बाकावरचे लोक दिसत नव्हते. वळणावरून येणाऱ्या ड्रायव्हरला नुसती कोरी भिंत दिसे. भिंतीसाठी गाडी कोण थांबवणार? तो भरधाव निघून जाई. भिंतीच्या टोकाशी जाऊन उभे राहावे, तर तिथे वारा सोसवत नसे आणि बाकावरची जागाही जाई. रस्ता आणि बाक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतील अशी जागा साऱ्या गावात एकच होती, आणि तिथे निरीक्षकांची आरामखुर्ची होती.

"काका, आली का हो?" नर्सबाईने पहिल्यांदा विचारले, तेव्हा निरीक्षकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

"काका, नुसती मान तरी हलवा!"

मान हलली नाही. बस मात्र आली आणि गेली. नर्सबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. "दिसत होती ना तुम्हाला?"

"मी या गावचा रहिवासी आहे. बसचा चौकीदार नाही."

"दवाखान्यात माणसं खोळंबलीत माझ्यासाठी!"

"पंचायतीला सांगा. भिंत मी बांधलेली नाही."

"मन पण त्याच गवंड्याकडून बांधून घेतलंय का तुम्ही? तेही पाठमोरंच दिसतंय!"

बाकावर हशा पिकला. त्या हशात ओळखीचा आवाज ऐकून निरीक्षकांनी वळून पाहिले. दारात काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता मात्र निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कपाटातली जुनी तांबडी चादर काढली आणि व्हरांड्याच्या कठड्यावरून छतापर्यंत ताणून बांधली. आत अंधार झाला. वर्तमानपत्र वाचता येईना. पण कोणी पाहत नव्हते, म्हणून ते अंधारात ताठ बसून राहिले.

चादरीचे खालचे टोक सुटून वाऱ्यावर फडफडू लागले हे त्यांना आतून दिसत नव्हते. ड्रायव्हरला ते लांबूनच दिसले. काहीतरी तांबडे जीव खाऊन हलवून कोणी गाडी थांबवत आहे असे वाटून त्याने कचकन ब्रेक दाबला. बाक नेमका रिकामा होता. पुढच्या खेपेलाही तेच. संध्याकाळच्या खेपेला ड्रायव्हर गाडी चालू ठेवून थेट व्हरांड्यात आला आणि त्याने चादर बाजूला सारली.

"बसायचं नसतं तर गाडी कशाला थांबवता हो सारखी?"

"मी? मी कधी थांबवली?"

"मग ही चादर कोणाची?"

"चादर माझी आहे. वारा माझा नाही!"

"मग निदान माणसं असतील तेव्हा तरी हलवा की! माणसं नसली की फडफड, माणसं असली की शुकशुकाट. काही ताळतंत्र?"

ताळतंत्र नाही, असे निरीक्षकांना आजवर कोणी म्हटले नव्हते. कामात शिस्त नसणाऱ्यांना खडसावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना स्वतःच्याच व्हरांड्यात एक ड्रायव्हर खडसावून गेला. रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सारले.

"उद्यापासून," ते म्हणाले, "बाकावर माणसं असली की चादर कठड्याबाहेर. नसली की आत. मध्ये लोंबणं बंद."

"म्हणजे तुम्ही गाडी थांबवणार?" काकूंनी विचारले.

"मी निषेध करतोय. पण निषेधसुद्धा धड करायला नको का?"

हा निषेध इतका चोख चालला, की गावात कोणाचीही बस चुकेना. वळणावर गाडी दिसली की निरीक्षक उठत, चादर बाहेर टाकत आणि मोठ्या रागाने ओरडत, "आली!" राग खराच होता, आवाजही चांगला लागत होता. बाकावर बसणाऱ्यांनी धक्काबुक्की केली की तेच दरडावत. सामान वाटेत ठेवले की तेच उचलायला लावत. नर्सबाई आता जाता जाता त्यांचा रक्तदाब मोजे आणि "आज पंचायतीचं नाव काढू नका" असे बजावे. काकू भाजी निवडायला बाहेर बसू लागल्या. बदल्यांच्या गावांत त्यांची कुठे ओळख जमते न जमते तोच सामान बांधावे लागे. इथे सगळ्या जगाची सुखदुःखे आपल्या पायांनी चालत त्यांच्या फाटकाशी येत होती. शिवणवाल्या बाईने त्यांना नव्या तऱ्हेचा गळा बेतायला शिकवला. निरीक्षक हे सारे पाहत होते आणि रोज सकाळी काकूंना सांगत होते, "मी हे चालू देणार नाही."

एके दिवशी त्यांची दाढ ठणकली आणि ते दंतवैद्याकडे गेले. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. चादर आत राहिली आणि भरल्या बाकाच्या पाठीमागून बस निघून गेली.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. निरीक्षक सुजलेला गाल घेऊन थांब्याबद्दल बोलायला उठणार, एवढ्यात मागून आवाज आला, "थांब्यावरचे काका न सांगता रजेवर जातात, त्याचं पंचायत काय करणार?"

"बदली माणूस नेमायला पाहिजे," दुसरा म्हणाला.

"कपडे वाळत घालायच्या वेळात तरी काकूंनी पुढे बसावं," तिसऱ्याने तोडगा काढला.

निरीक्षक उभे राहिले. गालामुळे शब्द नीट फुटत नव्हते; त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटत होते. "रजा? मी नोकर आहे का तुमचा? तुम्ही माझ्या दारात भिंत बांधायची, माझ्या बनियनकडे बघत बसायचं, माझ्या बायकोचा चहा प्यायचा, आणि वर माझीच हजेरी घ्यायची? ते काही नाही! भिंत फिरवा! आज ठरवा! नाहीतर मी इथून हलणार नाही!"

एवढा संताप त्या सभेत आजवर कोणी केला नव्हता. सरपंचबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि ठराव लगेच हात वर करून मंजूर झाला.

गवंड्याने तोंड पाडून काम केले. रस्त्याकडची भिंत पाडली, घराकडच्या बाजूला उभी केली, बाक फिरवून तिला टेकवला. "आता माणसं गारठली तर मला बोलायचं नाही," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक बनियनवर, चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले. समोर कोरी, करडी भिंत होती. कोणी नमस्कार केला नाही. त्यांनी वर्तमानपत्र उघडले. बातमी वाचून झाल्यावर ती त्यांना पुन्हा वाचावी लागली. भिंतीपलीकडे हसण्याचा आवाज झाला आणि त्यात काकूंचाही आवाज होता. त्या भाजीची टोपली घेऊन तिकडे कधी गेल्या, हे त्यांना कळलेच नव्हते. कशाला हसत आहेत तेही ऐकू येत नव्हते. एवढ्यात भिंतीच्या कडेने, वळणावर बसचे टोक दिसले. निरीक्षक सवयीने उठले, चादर बाहेर टाकली आणि ओरडले, "आली!"

"दिसली हो काका!" पलीकडून नर्सबाई म्हणाली. "आम्हाला दिसतेय आता!"

बस थांबली, माणसे चढली, बस गेली. तांबडी चादर कठड्यावर लोंबत राहिली.

थोड्या वेळाने पंचायतीच्या कचेरीचा दरवाजा धाडकन उघडला. तासल्यामुळे तो आता अडकत नव्हता.

"कोणाला विचारून भिंत घातलीत माझ्यासमोर?"

सरपंचबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. "तुम्हालाच विचारून, काका. तुम्ही तर—"

"मी थांबा फिरवा म्हणालो होतो. मला गाडून टाका म्हणालो नव्हतो! त्या भिंतीला खिडकी पाहिजे. मोठी. आजच!"

गवंडी कोपऱ्यात जेवणाचा डबा उघडत होता. "साहेब, मागच्या भिंतीला खिडकी? गोठ्याला—"

"हा गोठा नाही!"

दुपारी निरीक्षकांनी आरामखुर्ची उचलून भिंतीला लावली, तिच्यात बसले, डोळ्यांची उंची हाताने धरली आणि खडूने स्वतः खिडकी आखली. शिवणवाली बाई संध्याकाळच्या बसची वाट पाहत होती. ती आणि काकू वळसा घालून पाहायला आल्या.

"जरा वर घ्या," काकू म्हणाल्या.

"का?"

"एवढ्या खालून घेतलीत तर सगळ्यांना तुमचा बनियन दिसेल."

निरीक्षकांनी रेघेकडे पाहिले. मग खडू पुन्हा हातात घेतला आणि खालची रेघ आणखी वीतभर खाली ओढली.

"दिसला तर दिसला," ते खेकसले. "घर माझं आहे."