आमच्या पथकाची सभागृहावर स्वारी

ब्रह्मदेशातल्या आमच्या अख्ख्या बगो शहरात झाडू धरावा तर आमच्या पथकानेच! आज हा पॅगोडा, उद्या तो विहार; दर रविवारी अठरा जण, एक उघडा ट्रक, तीस बादल्या. आणि सगळ्यांची म्होरकी मी, न्वे नी. एरवी शिवणकाम करते, रविवारी सेनापती!

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावातल्या विहारातून म्हाताऱ्या भन्तेंचा फोन आला. "उपासिके, रविवारी माणसं घेऊन ये. आमचं जुनं सभागृह आहे ना, ते..."

"चकाचक करू, भन्ते!" म्हणत मी फोन ठेवलासुद्धा! आनंद झाला की मला पुढचं ऐकूच येत नाही.

रविवारी सकाळी पोचलो. बघते तर काय, कपाटं, चटया, पाट, भलीमोठी घंटा, सगळं सामान चिंचेखाली रचलेलं!

"बघा, किती विचार करतात!" मी म्हणाले. "आपल्याला धुवायला सोपं जावं म्हणून बाहेर काढून ठेवलंय!"

माझा नवरा थेन कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "अगं, एकदा विचारून तरी घे."

"विचारत बसलास तर पुण्य दुसरे घेऊन जातील! उचल बादली!"

तेवढ्यात भन्ते काठी टेकत आले. "उपासिके, ऐक जरा..."

"तुम्ही सावलीत बसा, भन्ते! पुण्य आम्हाला कमवू द्या!"

मग काय विचारता! साबणाचा असा फेस झाला की ठ्वे ठ्वे मावशी या दारातून घसरली ती त्या दारातून बाहेर गेली, आणि पुन्हा घसरायला हसत परत आली! सागवानी जमीन आरशासारखी चमकली. खांबांना तेल लावलं. कपाटं पुसून पुसून आत नेली. घंटेला तर सहा जण लागले! मध्येमध्ये भन्ते काठी उंचावून तोंड उघडायचे, मी लांबूनच हात जोडून ओरडायचे, "पुण्य कमवू द्या!"

शेवटची चटई अंथरली आणि फाटकातून पंचवीस गावकरी आत शिरले. हातात पहारी, खांद्यावर दोर. पुढे सुतार ऊ बा छिट. त्याने आत डोकावलं आणि मटकन खालीच बसला.

"दोन दिवस!" तो किंचाळला. "दोन दिवस खपून आम्ही सामान बाहेर काढलं! सभागृह पाडायचंय आज!"

थेनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छतसुद्धा आम्ही पुसलेलं होतं!

पुढचे तीन तास अठरा आणि पंचवीस मिळून तेच सामान पुन्हा चिंचेखाली. घंटेने या खेपेला माझा अंगठाच चेचला.

संध्याकाळी भन्तेंनी सगळ्यांना चहा दिला. मी अंगठा फुंकत पुढे झाले. "भन्ते, जरा ओरडून तरी सांगायचं!"

"तेरा वेळा तोंड उघडलं, बाई," भन्ते शांतपणे म्हणाले. "तेरा वेळा तू म्हणालीस, पुण्य कमवू द्या. म्हटलं, कमवा!"