वाचनवहीतल्या दोनशे बारा सह्या

कोपरच्या राजरत्नची मुलगी सान्वी चौथीत होती आणि फेब्रुवारीपर्यंत तिची दोनशे बारा पुस्तकं वाचून झाली होती. याला लेखी पुरावा होता. शाळेच्या वाचनवहीत पुस्तकाच्या नावापुढे 'पाल्याने वाचले, पालकाने ऐकले' असा रकाना होता आणि त्यात रोज राजरत्नची सही होती. मुलांच्या शिक्षणाची निम्मी जबाबदारी पालकांची, असं शाळेने जूनमध्येच बजावलं होतं. राजरत्न ती बूट घालता घालता पार पाडत असे.

असं सगळं सुरळीत चालू असताना घरातल्या एकमेव निरक्षर माणसाने घोळ घातला. राजरत्नच्या वडिलांनी, धोंडिबांनी, मित्राच्या नातीच्या लग्नाची पत्रिका सान्वीपुढे धरली. तिने ती घडाघडा वाचली. रविवार, दुपारी बारा, टिटवाळा. धोंडिबा पांढराशुभ्र सदरा घालून टिटवाळ्याला पोचले. लग्न आदल्या दिवशीच ठाण्याला, वर्तकनगरात लागून गेलं होतं.

घरी येऊन म्हातारा नातीवर चिडला नाही. राजरत्नला समोर बसवून म्हणाला, "अरे, तू लहानपणी मला पेपर वाचून दाखवायचास, तेव्हा ओळीओळीला अडखळायचास. ही एकदापण अडखळली नाय. तेव्हाच मला कळायला पायजे होतं."

राजरत्नच्या बायकोने, दर्शनाने, लेकीपुढे पुस्तक उघडलं. सान्वीने चित्र बघून गोष्ट सांगितली, फार छान सांगितली, पण त्या पानावर ती नव्हती. दर्शनाने वाचनवही नवऱ्याच्या हातात दिली, तसा तो घाबरला. पुढच्या वर्षी पोरगी पाचवीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी तो सान्वीला घेऊन शाळेत गेला. तिला वाचनाच्या जादा तासाला बसवा, अशी त्याची विनंती होती. मुख्याध्यापिका कलावतीबाईंनी वही मागवली, पानं चाळली आणि विनंती फेटाळली. जादा तास वाचता न येणाऱ्या मुलांसाठी होता, आणि सान्वी वाचनात शाळेत दुसरी होती. शिवाय याच वह्यांवर शाळेला वाचनाची ढाल मिळाली होती, ती आता परत कशी करणार?

"मॅडम, तिला खरंच वाचता येत नाही."

"सही तुमचीच आहे ना?"

सही आपलीच आहे, हे राजरत्नने कबूल केलं. त्यावर बाईंनी नियमात बसणारा तोडगा काढला. वाचता येत नसेल तर ऐकणाऱ्याने नीट ऐकलं नाही, म्हणजे कच्चा पालक आहे. सबब पालकाने चार शनिवार 'जबाबदार पालक वर्गा'ला बसावं. तो इमानेइतबारे बसला. त्याच्याही वहीत रकाना होता, 'पालकाने ऐकले, पाल्याने पाहिले', आणि तिथे सही पाल्याची लागत होती.

चौथ्या शनिवारी सान्वीने वही पुढे ओढली आणि झोकदार सही ठोकली. सही राजरत्नची होती, हुबेहूब, खालच्या दोन टिंबांसकट. घाईच्या दिवशी तूच कर गं, म्हणून ती त्यानेच तिला दिवाळीत शिकवली होती. चौथीत तिला नीट लिहिता येत होतं ते एवढंच.

कलावतीबाई प्रसन्न झाल्या. इतकं वळणदार लिहिणाऱ्या मुलीला वाचता येत नाही, असं कोण म्हणेल? त्यांनी एक छापील कागद राजरत्नपुढे सरकवला. तो ऑफिसला उशीर होतोय म्हणून उभ्यानेच वाकला आणि सही करून मोकळा झाला.

"पप्पा, त्यात काय लिहिलंय?" सान्वीने विचारलं.

त्याला सांगता येईना. तोवर बाईंनी शिक्का मारला होता. माझ्या पाल्यास उत्तम वाचता येते, तक्रार गैरसमजातून केली होती, असं त्यात लिहिलं होतं.

हल्ली कोपरच्या त्या घरात संध्याकाळी धोंडिबा तीच पत्रिका नातीपुढे धरून बसतात. ती दर शब्दाला अडखळते आणि म्हातारा खूश होतो. शाळेच्या वहीत याची नोंद नाही, कारण पालक म्हणून अंगठा चालत नाही.

आपण ही गोष्ट इथवर वाचलीत, आभारी आहोत. आपल्या मुलाला शेवटचं कधी वाचताना ऐकलंत, हे आम्ही विचारणार नाही. खाली सही केलीत की पुरे.