गादीवाल्या तात्यांचे पावणे

तात्यांच्या गादीच्या फोटोला तुम्ही चुकून जरी लाईक केलंत, तरी ते तुमच्या घरी येतात.

अतिशयोक्ती करत नाही. कुरुंदवाडचे एक गृहस्थ दुपारी जेवून आडवे झाले होते. दारात स्कूटर थांबली. डोक्यावर टोपी आणि मिशीत कापसाचे तंतू असलेला एक उंच माणूस सरळ आत आला आणि म्हणाला, "पावणं, काल आमची गादी तुम्हांस्नी आवडली म्हणं. लई बरं वाटलं. म्हटलं, भेटून यावं." गृहस्थांना काही उमगेना. फोन नातवाच्या हातात होता, लाईक त्यानंच केलं होतं. तरी चहा झाला. चहा पिता पिता तात्यांनी बसल्या जागची गादी हातानं चाचपली. "ह्यात कापूस न्हाय, बटाटं हाईत," असा निकाल दिला. आठवडाभरात त्या घरातल्या सगळ्या गाद्या पिंजायला कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत आल्या.

मी तात्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. घरबसल्या लहान दुकानांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं सांभाळते, तेच माझं काम. फोमच्या गाद्या आल्यापासून खालचं पिंजणयंत्र बहुतेक मुकंच असायचं. तात्या दुकानात लोडाला टेकून रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा मीच म्हटलं, "तात्या, तुमच्या दुकानाचं पान काढूया."

"पान? आणि चुना कोण लावणार?"

पण त्यांनी ऐकलं. मी त्यांना सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. रोज ठरलेल्या वेळी काहीतरी टाकायचं. काम कसं चालतं ते दाखवायचं. मालाबद्दल खरं बोलायचं. आणि कुणी काही लिहिलं तर प्रत्येकाला उत्तर द्यायचं. बाकीचे दुकानदार यातलं निम्मं विसरतात. तात्यांनी सगळं धरून ठेवलं, आणि तेही अक्षरशः.

पहिल्या आठवड्यात ते रागानं धुमसत होते. "मनीषा, लोक मला ठेंगा का दाखवायलेत?" त्यांच्या मते कुणी अंगठा वर केला की तो अपमान. लाईक म्हणजे पसंती, हे पटवायला मला जड गेलं. एकदा पटल्यावर मात्र प्रत्येक लाईक हा त्यांना उंबऱ्यापाशी आलेला पाहुणा वाटायला लागला. "दारात आलेल्याला या म्हणायचं न्हाय व्हय? ही काय रीत झाली?" लांबच्यांना फोन आणि जवळच्यांकडे स्कूटर. मुरगूडपर्यंत त्यांच्या हिशेबात जवळच.

व्हिडिओत ते फोनशी असे बोलतात, जणू फोनला कमी ऐकू येतं. त्यांचा गाजलेला पहिला व्हिडिओ असा होता: "ही कापसाची गादी. जड हाय. उचलायला दोघं लागत्यात. वर्सातनं चारदा उन्हात घालाय लागती. आळशी मानसानं घिऊ नये." एवढं बोलून त्यांनी फोनकडे पाठ केली आणि काठीनं कापूस झोडायला घेतला. मी कपाळावर हात मारला. माल खपवायचा तर कुणी असं बोलतं? पण तो व्हिडिओ कोल्हापूरभर फिरला. लोक मुद्दाम दुकानात येऊन म्हणायचे, "तात्या, आम्ही आळशी न्हाय. एक गादी भरा."

सगळंच काही सुरळीत नव्हतं. एकानं 'भंगार माल' असं लिहिलं, तर तात्यांनी त्याला लगेच उत्तर दिलं: 'पत्ता द्या, येतो.' हेतू चांगलाच होता, गादी बघायला जायचं होतं. पण त्या माणसानं घाबरून खातंच बंद केलं.

एकूण पान चाललं. पिंजणयंत्र पुन्हा घरघरायला लागलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कापूस उडत आत यायला लागला. भाजीला फोडणी देताना मी झाकण हातात धरूनच उभी राहते. तरी तो आवाज ऐकला की बरं वाटतं.

मग परवाची गोष्ट. तात्या गुडघ्यांमुळे जिना कधी चढत नाहीत, खालूनच हाक मारतात. त्या दिवशी सकाळी ते धापा टाकत माझ्या दारात उभे.

"मनीषा, गावातलं फेसबुक बंद पडलंय काय?"

मी बघितलं. सगळं चालू होतं. उशांचा व्हिडिओ होता, सावरीच्या कापसाच्या, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. "तात्या, आज तर नेहमीपेक्षा जास्त लाईक आहेत."

"एक कमी हाय."

"एकानं काय होतंय?"

"तो रोज पयला असतोय. मी चा घ्यायच्या आत येतोय. काल न्हाय, आज बी न्हाय."

मी जुन्या पोस्ट उघडल्या. खरंच, प्रत्येकीवर पहिलं नाव तेच. शैलेश. मला वाटायचं, असेल कुणी हौशी गिऱ्हाईक. "हा शैलेश कोण?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "माझाच की."

मग तुटक तुटक कळलं. शैलेश पुण्याला फोमच्या गाद्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागला, तेव्हा घरात मोठं भांडण झालं. "माझ्या पोटचं पोरगं रबर विकतंय," असं तात्या चारचौघांत बोलले. काकू, म्हणजे शैलेशची आई, होत्या तोवर निरोप इकडून तिकडे जायचे. त्या गेल्या आणि बोलणं थांबलं. पान काढल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून सकाळी त्याचं लाईक यायला लागलं. शब्द एक नाही. तात्यांनीही फोन केला नाही, पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा एक पोस्ट चुकवली नाही.

"आला की कळतंय," ते म्हणाले. "उठलाय. बरा हाय."

मी तात्यांच्या फोनमधून शैलेशचा नंबर घेऊन लावला. बंद. परत लावला. बंदच. तात्या जिन्याकडे निघाले. "मी पुण्याची एस्टी धरतो."

"थांबा जरा," म्हणून मी त्या शोरूमचा नंबर शोधला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे आधी जाहिरात सुरू झाली. एक गोड आवाज सांगत होता की त्यांच्या गादीवर पाठदुखी कायमची पळते.

"खोटं बोलायलेत," तात्या म्हणाले. एवढ्या काळजीतही तेवढं म्हटल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

मग कुणीतरी फोन उचलला. "शैलेश? आहे की. गिऱ्हाईक चाललंय त्याचं. देतो थांबा."

तात्या मटकन माझ्या सोफ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.  

"हॅलो, कोण?" शैलेशचा आवाज.

तात्या फोनवर वाकले. गावोगावच्या अनोळखी दारांत उभं राहून गोड बोलणारा माणूस, पण पोरावर ओरडलाच, "फोन का बंद हाय तुझा?"

 "तात्या? बादलीत पडला. दुरुस्तीला दिलाय. काय झालं? बरं हाय न्हवं तुम्हाला?"

"मला काय हुतंय? आंगुळीला फोन घिऊन जातोस काय रं?"

"काल सकाळी तुमचा व्हिडिओ बघत होतो," शैलेश म्हणाला.

तात्या खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "त्या फोमवर झोप लागती काय तुला?"

"न्हाय लागत."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

दुपारभर खाली यंत्र चालू होतं. तात्या स्वतः बसून खोळ शिवत होते, टाका ओढून ओढून बघत होते. लांबी मोठी होती. शैलेश बापासारखाच उंच असावा. टेम्पोवाल्याला पुण्याचा पत्ता सांगून झाला होता. मी सवयीनं फोन काढून समोर धरला.

"ठेव ते," तात्या मान वर न करता म्हणाले. "ही दाखवायची न्हाय."